व्हिस्की-बर्बनचं परीक्षण: ग्लासात काय आणि डोक्यात काय?

ओकचा_ओंडका

बर्बनची दहा परीक्षणं ओळीनं वाचली तर त्यातली आठ एकाच बाटलीची वाटतात. व्हॅनिला, कॅरॅमल, ओक, शेवटाला थोडा मसाला, 'एकदम स्मूद', ८८/१००. यात खोटं काहीच नाही, पण हे वर्णन बाटलीचं कमी आणि अमेरिकी कायद्याचं जास्त आहे. बर्बन म्हणवून घ्यायचं तर धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, ऊर्ध्वपातन ८० टक्के एबीव्हीच्या (आकारमानानुसार अल्कोहोलचं प्रमाण) वर जाता कामा नये, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर नको, आणि पिंप ओकचं, नवं कोरं, आतून जाळलेलं हवं. वरून रंग किंवा स्वाद घालायची मुभा नाही. आता ओक तापला की लिग्निनपासून व्हॅनिलीन सुटणार, हेमिसेल्युलोजमधल्या साखरा भाजून कॅरॅमलचा वास येणार, युजेनॉलमुळे लवंग आणि ओकमधल्या लॅक्टोनमुळे नारळ जाणवणार. 'व्हॅनिला आहे' असं लिहिणं म्हणजे 'पिंप होतं' असं लिहिणं!

वाचणाऱ्याला हवा असतो तो फरक. या बाटलीत असं काय आहे जे शेजारच्या बाटलीत नाही? तो फरक पकडायचा तर दर वेळी सगळं सारखं ठेवावं लागतं. माझ्या मते किमान एवढं हवंच:

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता. ग्लेनकेर्न किंवा कोपिटा, कुठलाही चालेल, फक्त सगळे एकसारखे असावेत. गरम पाण्यानं धुऊन हवेत वाळवावेत. साबणाचा अंश आणि कपाटातला कोंदट वास हे दोन्ही हमखास 'टेस्टिंग नोट' बनून कागदावर उतरतात. रिकामा ग्लास आधी हुंगून बघा. वास आलाच तर त्याच व्हिस्कीच्या २-३ मिलीनं खळबळून ते ओतून द्या.

प्रत्येक ग्लासात १५ मिली, मोजून. अंदाजानं ओतलं की एकात १२ आणि दुसऱ्यात २० जातं, आणि जास्त भरलेला ग्लास जास्त 'उग्र' वाटतो. ओतल्यावर झाकण ठेवून १०-१५ मिनिटं थांबायचं. ('जितकी वर्षं जुनी तितकी मिनिटं ठेवा' हा नियम ऐकायला छान आहे, आधार काही नाही.) तापमान खोलीचं, १८ ते २२ अंश.

वास घेताना तोंड किंचित उघडं. ग्लास हनुवटीपाशी सुरू करून हळूहळू वर आणायचा, नाक आत खुपसायचं नाही. पहिल्याच श्वासाला अल्कोहोलचा भपकारा बसला तर नाक पुढची काही मिनिटं कामातून गेलं म्हणून समजा. दोन ग्लासांच्या मध्ये स्वतःच्या कोपराच्या खळीत वास घ्या. तो वास नाकाच्या सवयीचा असतो, त्यामुळे नाक पूर्वपदावर येतं.

घोट २-३ मिलीचा. जिभेवर निदान आठ-दहा सेकंद फिरवायचा. पहिल्या घोटावर काहीही लिहायचं नाही, कारण तो फक्त झोंबतो. म्हणूनच बैठकीच्या सुरुवातीला ५ मिली कुठलीही साधी व्हिस्की घेऊन जीभ सरावाची करून घ्यावी. नाहीतर पहिल्या ग्लासावर कायमचा अन्याय होतो.

एका बैठकीत चार ग्लास, त्याहून जास्त नाही. ५० टक्क्यांची १५ मिली म्हणजे जवळपास ६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, चारांचे २४ ग्रॅम. पाचव्या ग्लासाला सगळ्यांचेच गुण वाढतात! जास्त नमुने असतील तर थुंका. फिनिश (गिळल्यावर मागे रेंगाळणारी चव) कळायला अर्धा मिली गिळलं तरी पुरतं.

थेंबे_थेंबे

बाकी सगळं मान्य, पण पाण्याबद्दल एक अक्षर नाही? निम्म्या परीक्षणांत 'दोन थेंब पाणी घातल्यावर खुलली' असं असतं. जरा हिशेब करू. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिली. १५ मिली, ६२ टक्के, त्यात दोन थेंब: नवी तीव्रता ६१.६ टक्के. एवढ्यानं काय डोंबल खुलणार? खुलली असेल तर ती मधल्या पाच मिनिटांत हवेनं, नाहीतर तुमची जीभ सरावल्यामुळे.

सूत्र सोपं आहे. व्हिस्कीचे मिली गुणिले आत्ताची तीव्रता, भागिले हवी ती तीव्रता. जे येईल त्यातून मूळ मिली वजा केले की पाणी मिळतं. १५ मिली ६२ टक्क्यांवरून ५० वर आणायची तर १५ × ६२ ÷ ५० = १८.६, म्हणजे ३.६ मिली पाणी. ४६ वर आणायची तर ५.२ मिली. (पाणी आणि अल्कोहोल मिसळल्यावर आकारमान किंचित आटतं, पण घरगुती कामाला हा हिशेब पुरेसा आहे.) ०.१ मिलीच्या खुणा असलेली, सुई नसलेली सिरिंज घ्या, ड्रॉपर फेकून द्या. ड्रॉपरच्या रबराचा वास पाण्यात उतरतो, हे आणखी एक.

पाणी घातल्यावर खरंच काहीतरी बदलतं. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपावर ग्वायकॉलचा रेणू तपासला होता. धुराळ वासाला कारण असणाऱ्यांपैकी तो एक. ४५ टक्क्यांपर्यंत तो द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतो, ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला घेरून आत ओढतात. म्हणजे कास्क स्ट्रेंग्थची (पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली) धुराळ व्हिस्की ४५ च्या आसपास आणली तर नाकाला जास्त मिळायला हवं. ब्लेंडर मंडळी तर नमुने २० टक्क्यांपर्यंत खाली आणून हुंगतात, कारण तिथे अल्कोहोल आड येत नाही आणि दोष उघडे पडतात. तिथे घोट घेण्यात मजा नाही, तो वेगळा मुद्दा.

माझी सूचना: कास्क स्ट्रेंग्थचं परीक्षण दोन ग्लासांत करावं. एक जशीच्या तशी, एक मोजून ५० ला आणलेली, दोन्ही एकाच वेळी समोर. एकाच ग्लासात पाणी घालत गेलात तर आधीचं काय होतं ते आठवणीवर लिहावं लागतं. आणि पाणी कमी खनिजांचं, बिनवासाचं घ्या.

मॅशबिल_मास्तर

थेंबेंचं सूत्र आणखी एका कामाला येतं. धान्याचा फरक शिकायचा असेल तर तीव्रता सारखी करणं सक्तीचं आहे, नाहीतर माणूस अल्कोहोलच्या झोंबण्याला 'राय स्पाइस' (राय या धान्याचा मसालेदारपणा) म्हणून मोकळा होतो.

मेकर्स मार्क घ्या: ७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के माल्टेड (मोड आणून वाळवलेली) बार्ली, बाटलीत ४५ टक्के. समोर फोर रोझेस सिंगल बॅरल: ६० टक्के मका, ३५ टक्के राय, ५ टक्के बार्ली, बाटलीत ५० टक्के. फोर रोझेसच्या १५ मिलीत १.७ मिली पाणी घातलं की तीही ४५. तिसरी वाइल्ड टर्की १०१, तिच्यात राय १३ टक्के आणि तीव्रता ५०.५, पाणी १.८ मिली. आता तिघींमध्ये जो फरक उरेल त्यातून अल्कोहोलच्या आगीची भानगड तरी गेली. गव्हाची मऊ, ब्रेडसारखी गोडी आणि रायचा मिरी-पुदिन्याकडे झुकणारा चुरचुरीतपणा तेव्हा कुठे कळतो.

आणि फरक दिसला की लगेच धान्याला श्रेय देऊ नका, यीस्टही असतं. फोर रोझेस दोन मॅशबिल (धान्यांची प्रमाणं) आणि पाच यीस्ट वापरून दहा प्रकारची व्हिस्की काढते. ओबीएसव्ही या संकेतातलं बी म्हणजे जास्त रायचं मॅशबिल आणि शेवटचं व्ही म्हणजे यीस्ट. बीच्या जागी ई असेल तर राय २० टक्के. यीस्टमध्ये व्ही हलकी फळं, के थोडा मसाला, ओ गडद फळं, क्यू फुलं, एफ वनस्पती. सिंगल बॅरलच्या खास बाटल्यांवर हे संकेत असतात, तेव्हा एकाच मॅशबिलच्या दोन यीस्ट समोरासमोर ठेवता येतात. बर्बन शिकायला याहून चांगली शाळा माझ्या माहितीत नाही. केळ्याचा वास आला की 'रायमुळे' लिहिणाऱ्यांसाठी: तो आयसोअमाइल अॅसिटेट, यीस्टची करामत.

परीक्षणात बॅचचा संकेतही लिहा. एलायजा क्रेग बॅरल प्रूफ या कास्क स्ट्रेंग्थ बर्बनवर ए१२३ असेल तर ए म्हणजे वर्षातली पहिली बॅच, १ म्हणजे जानेवारी, २३ म्हणजे २०२३. या मालिकेत प्रत्येक बॅचची तीव्रता वेगळी असते. नुसतं 'एलायजा क्रेग बॅरल प्रूफ आवडली' याला काही अर्थ नाही.

नवखा_घोट

मस्त धागा. दोन शंका. (१) लेबलावर स्मॉल बॅच, स्ट्रेट, बॉटल्ड इन बाँड असं काय काय असतं, त्यातलं खरं किती? (२) काही बाटल्यांना नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. तो दोष समजायचा का?

मॅशबिल_मास्तर

(१) स्मॉल बॅचला कायद्यात व्याख्याच नाही, पाच पिंपं मिसळा नाहीतर पाचशे. स्ट्रेट म्हणजे किमान २ वर्षं पिंपात, आणि ४ वर्षांच्या आतली असेल तर वय छापणं बंधनकारक. बॉटल्ड इन बाँड हा १८९७ चा कायदा: एकच डिस्टिलरी, एकच हंगाम (जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर), सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षं, आणि बरोबर १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. तुलनेला या बाटल्या फार सोयीच्या, कारण तीव्रता आपोआप सारखी मिळते. छापलेलं वय नेहमी मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं. आणि बर्बन केंटकीचीच असावी लागते हा गैरसमज आहे, अमेरिकेत कुठेही बनवता येते.

(२) दोषांबद्दल पीटधुरींना लिहू द्या, त्यांचं नाक तिखट आहे.

पीटधुरी

तिखट कसलं, भोगून शहाणं झालेलं म्हणा :)

तो वास इथाइल अॅसिटेटचा. थोडा असेल तर पेअरसारखा, फळकट आणि छान लागतो. जास्त झाला की सॉल्व्हंट. ग्लास उघडा ठेवून वीस मिनिटांनी परत बघा. विरला तर नुसता निरीक्षण म्हणून लिहा. तसाच राहिला आणि बाकी सगळ्यावर बसला तर दोष.

गंधकाचे दोन उगम आहेत, ते वेगळे ओळखायला हवेत. शेरीची पिंपं जपण्यासाठी आत गंधकाची वात जाळतात, त्यातून येतो तो विझलेल्या काडेपेटीचा, फटाक्याच्या दारूचा वास. दुसरा आंबवण्यातून येतो. भट्टीतलं तांबं तो शोषून घेतं, पण तांब्याशी संपर्क कमी पडला तर उरतो. तो रबरी, उकडलेल्या कोबीसारखा किंवा मांसल. जुन्या पद्धतीची वर्म टब (वाफ गार करायची, पाण्यात बुडवलेली वेटोळी नळी) वापरणाऱ्या काही डिस्टिलऱ्यांत हा मांसल जडपणा मुद्दाम राखलेला असतो, त्याला सरसकट दोष म्हणू नये.

ऊर्ध्वपातनात शेपटाकडचा (शेवटी येणारा) भाग जास्त घेतला तर ओला पुठ्ठा, घामट कातडं असे वास येतात. बुचाच्या टीसीए या रसायनानं येणारा कुबटपणाही ओल्या पुठ्ठ्यासारखाच, आणि इथे गफलत होते. फरक असा: बूच खराब असेल तर बाकीचे वासही मेलेले असतात, व्हिस्की मुकी वाटते. शक्य असेल तर त्याच व्हिस्कीची दुसरी बाटली बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

कडवट-तुरट फिनिश ओकचं की अल्कोहोलचं, हे ठरवायला थेंबेंची सिरिंज घ्या. ४० पर्यंत खाली आणा. चरचर गेली आणि हिरड्या कोरड्याच राहिल्या तर ते टॅनिन, पिंपात जास्त राहिलेली. दोन्ही गेलं तर नुसती आग होती. बर्बनला हे लवकर होतं, कारण पिंप नेहमी नवं. स्कॉचला तीच पिंपं पुन्हा पुन्हा वापरता येतात, म्हणून तिथे २५ वर्षंही लाकूड डोक्यावर बसत नाही. उलट बाजूला, लहान पिंपातली तरुण बर्बन रंगानं काळीभोर असते पण वास कच्च्या लाकडाचा, भुश्श्याचा. रंग पटकन उतरतो, हवेशी मुरण्याचं काम मात्र सावकाशच होतं.

रंगावरून आठवलं. स्कॉचमध्ये ई१५०ए हा कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे, तेव्हा स्कॉचच्या रंगावर गुण देणं बंद करा. ग्लासाच्या कडेनं ओघळणाऱ्या रेघांवरही. त्या मुख्यतः तीव्रता सांगतात, दर्जा नाही. पाणी घातल्यावर व्हिस्की ढगाळली तर घाबरू नका, चिल फिल्टर केलेली (गार करून गाळलेली) नाही एवढंच. साधारण ४६ च्या खाली मेदाम्लांचे एस्टर विरघळलेले राहत नाहीत.

आणि कृपा करून पीपीएम (दहा लाख भागांत धुराळ फिनॉलचे किती भाग) बघून धूर लिहू नका. तो आकडा माल्टचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. लागाव्हुलिन आणि कॉल इला या दोन्ही स्कॉचचा माल्ट पोर्ट एलनच्या माल्टिंग्समधून साधारण ३५ पीपीएमचाच येतो. तरी एक जड, गोडसर, दुसरी हलकी, चकाकती. जड फिनॉल उशिरा येतात, त्यामुळे भट्टीतून धार कुठे तोडली यावर बरंच ठरतं.

तिसरा_ग्लास

सगळं छान चाललंय, पण लेबल बघून चाखताय ना? मग वरचं अर्धं वाया.

एकट्यानं करायची ट्रायँगल टेस्ट सांगतो. तीन सारखे ग्लास, दोघांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. तळाला चिकटपट्टीवर खूण. डोळे मिटून ग्लास इकडे तिकडे सरकवा, मग वेगळा कोणता ते शोधा. रंग वेगळे असतील तर गडद काचेचे ग्लास वापरा किंवा डोळे मिटूनच हुंगा. पातळी सारखीच हवी, नाहीतर पातळीच चुगली करते.

नुसत्या अंदाजानं तीनात एकदा बरोबर येतंच. सहा फेऱ्यांत चार बरोबर आले म्हणून खूश होऊ नका, निव्वळ नशिबानं चार किंवा जास्त येण्याची शक्यता १० टक्के आहे. पाच किंवा सहा आले तर ती २ टक्क्यांच्या खाली जाते, तेव्हा फरक खरा मानायला हरकत नाही. सहा फेऱ्या एका दिवसात करू नका. दिवसाला दोन, ग्लासात १० मिली, थुंकून. पाच गाठता आले नाहीत तर 'ही बॅच आधीच्यापेक्षा कितीतरी सरस' हे वाक्य खोडायचं.

गुणांचंही तेच. शंभरपैकी गुण देणारे प्रत्यक्षात ८० ते ९२ एवढीच पट्टी वापरतात. ८७ आणि ८८ मध्ये फरक करता येतो का हे तपासायचं असेल तर एकच बाटली तीन वेगळ्या दिवशी, इतरांत मिसळून, झाकून चाखा. ८३, ८९, ८६ आले तर तुमची पट्टी सहा गुणांनी हलते, मग एकेका गुणाचा आव कशाला? दहाची पट्टी घ्या, ५ म्हणजे 'ठीक', आणि २-३ द्यायला कचरू नका.

ओकचा_ओंडका

@तिसरा_ग्लास, झाकून चाखण्याला शंभर टक्के सहमत, गुणांबद्दल अर्धा. आकडा काढून टाकला तर लोक शब्द वाढवतात, आणि शब्द आणखी घसरडे. त्यापेक्षा आकड्याशेजारी संदर्भ लिहावा: 'वाइल्ड टर्की १०१ ला मी ६ देतो, हिला ७'. वाचणारा आपली पट्टी त्यावरून जुळवून घेतो.

शब्दांबद्दल मात्र एक तक्रार आहे. परदेशी फ्लेवर व्हीलचं (चवींच्या चक्राकार तक्त्याचं) भाषांतर करून 'जंगली बेरी' लिहायचं आणि हाताशी असलेले शब्द विसरायचे! करपट, खरपूस, कुबट, खवट, ओशट, आंबूस, दर्प, चरचरीत, चुरचुरीत, तुरट. करपट आणि खरपूस यांत आगीच्या दोन पायऱ्यांचा फरक आहे. जाळलेल्या पिंपाबद्दल लिहिताना एवढा नेमका शब्द दुसरीकडून आणायची गरजच पडत नाही. ओशट तर जिभेवरच्या तेलकट थरासाठी जसा काही घडवलेला.

थेंबे_थेंबे

खवट जपून वापरा. नटी बर्बनला कोणी खवट म्हटलं तर वाचणारा दोष समजेल. भाजलेले शेंगदाणे म्हणा ना सरळ.

नवखा_घोट

आणखी एक. बाटली उघडल्यावर पहिला ग्लास वाईट लागतो, महिन्यानं सुधारते, याला 'नेक पोर' म्हणतात ना? मग परीक्षण कधी करायचं?

बूच_आणि_बाटली

नेक पोरवर वाद घालण्यापेक्षा तपासून बघणं सोपं आहे. बाटली उघडल्या उघडल्या १०० मिलीची काचेची छोटी बाटली काठोकाठ भरा, आत शंकूच्या आकाराचं प्लास्टिकचं अस्तर असलेलं झाकण घट्ट लावा, अंधारात ठेवा. मोठी बाटली नेहमीसारखी वापरा. दोन महिन्यांनी दोन्हींची ट्रायँगल टेस्ट. पाच जमले तर व्हिस्की बदलली. नाही जमले तर त्या दिवशी नाक बदललं होतं.

बाटली अर्ध्याच्या खाली गेली की हवा जास्त आणि द्रव कमी, तिथून बदल वेग घेतो. आधी वरचे हलके, फळकट वास जातात, मग सगळंच सपाट होतं. धुराळ व्हिस्कीत धूर विरताना स्पष्ट कळतो. पाव उरली की लहान बाटलीत काढा. परीक्षणात पातळी लिहाच: भरलेली, अर्धी, पाव. माझा संकेत असा की एकदा खांद्यापर्यंत आल्यावर आणि एकदा अर्ध्यावर, दोन वेगळ्या दिवशी, दोन्ही झाकून.

बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खातं. मग तेच बूच ओढताना तुटतं आणि चुरा आत पडतो. तुटलंच तर कागदी फिल्टरनं गाळून घ्या, फिल्टर आधी गरम पाण्यानं धुवा म्हणजे कागदाची चव उतरणार नाही. एखादं जादा बूच धुऊन-वाळवून जवळ ठेवावं. पीटेड (धुराळ) बाटलीचं बूच मात्र पीटेडलाच.

नमुने पाठवताना प्लास्टिकची बाटली नको आणि रबरी ड्रॉपरचं झाकण तर नकोच.

पीटधुरी

किंचित अवांतर: चाखून झाल्यावर ग्लास लगेच धुऊ नका. रिकामा, कोरडा होऊ द्या आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, जड आणि चिवट तेवढं मागे राहतं. बर्बनच्या ग्लासात ओक आणि नारळ, आयला बेटावरच्या धुराळ स्कॉचच्या ग्लासात गार राख. आदल्या दिवशी 'धूर आहे की करपट पिंप' असा गोंधळ झाला असेल तर तो बहुतेक वेळा तिथेच सुटतो.

ओकचा_ओंडका

हे मूळ पोस्टमध्ये टाकायला हवं होतं. त्या ग्लासावर झाकण ठेवायचं की उघडा?

पीटधुरी

उघडा. झाकलात तर अल्कोहोल आतच कोंडतं आणि सकाळी पुन्हा तोच भपकारा. चार ग्लास असतील तर एकमेकांपासून लांब ठेवा, आणि तळाची चिकटपट्टी काढू नका.